औंधची गादी आणि श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधी

खटाव, माण आणि आटपाडी या दुष्काळी टापूत औंधच्या श्री यमाई देवीचे नाव ठाऊक नाही असे घर सापडणे कठीण. पौषातल्या यात्रेला या भागातली माणसे पिढ्यान् पिढ्या पायी जात आली. डोंगरावरचे मूळपीठ, खालच्या गावातले मंदिर आणि तिथली उंच दीपमाळ डोळ्यांत साठवून ती घरी परतत आली. ही देवी ज्या पंतप्रतिनिधी घराण्याचे कुलदैवत, त्या घराण्याचा मान सुमारे अडीचशे वर्षे बापाकडून मुलाकडे, मुलाकडून नातवाकडे चालत राहिला. त्या गादीवर अखेर बसले ते श्रीमंत भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी. पूर्वजांनी पराक्रमाने मिळवलेला आणि जपलेला अधिकार त्यांनी स्वतःच्या हाताने रयतेच्या ओंजळीत घातला. आपल्या गावच्या देवळाच्या जीर्णोद्धाराच्या या शुभप्रसंगी त्यांचे चरित्र सर्वांनी आठवावे असेच आहे.

बाळासाहेबांचे मोठेपण समजायचे तर प्रथम त्या गादीचा इतिहास पाहिला पाहिजे. प्रतिनिधी हे पद मुळात शिवछत्रपतींच्या अष्टप्रधानांत नव्हते. संभाजी महाराजांच्या बलिदानानंतर राजाराम महाराज 1689 मध्ये कर्नाटकात जिंजीला पोहोचले. महाराष्ट्रात औरंगजेबाच्या फौजा पसरल्या होत्या. अशा बिकट समयी छत्रपतींच्या वतीने कारभार पाहणारा विश्वासू माणूस हवा, म्हणून प्रतिनिधी हे पद नव्याने निर्माण झाले आणि ते अष्टप्रधानांच्या वर मानले गेले. पहिला मान प्रल्हाद निराजी यांना मिळाला. प्रतिनिधी म्हणजे मुखत्यार. दुसऱ्याचा अधिकार त्याच्या नावाने चालवायचा आणि तो त्याचाच आहे याची आठवण ठेवायची, एवढाच या शब्दाचा साधा अर्थ. पुढे जे घडले त्याची किल्ली या एका शब्दात आहे.

प्रल्हाद निराजींच्या पश्चात काही वर्षांनी हे पद परशुराम त्रिंबक यांच्याकडे आले. हे कोरेगाव भागातील किन्हईच्या कुलकर्णी घराण्यातले. साखरगड निवासिनीच्या पायथ्याशी वाढलेला हा मुलगा गावच्या दप्तरातून वर आला तो तलवारीच्या बळावर. रामचंद्रपंत अमात्यांच्या हाताखाली त्यांनी मोगलांशी झुंज दिली आणि पन्हाळा पुन्हा स्वराज्यात आणला. राजाराम महाराजांच्या पश्चात ते ताराबाईंच्या बाजूने उभे राहिले. 1707 मध्ये शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले तेव्हा परशुरामपंत त्यांच्याविरुद्ध लढले आणि सातारा पडल्यावर कैदेत गेले. तरीही त्यांची योग्यता ओळखून शाहू महाराजांनी पुढे त्यांना तेच पद पुन्हा दिले. 1718 मध्ये ते निवर्तले.

येथून या पदाचे वतन झाले. एक पुत्र श्रीपतराव साताऱ्याच्या गादीचे प्रतिनिधी झाले, तर दुसरे पुत्र कृष्णाजी कोल्हापूरच्या गादीचे. त्यांच्याकडे विशाळगडची जहागीर राहिली. बापाचा एकच मान दोन भावांत असा वाटला गेला आणि दोघे दोन वेगवेगळ्या छत्रपतींचे सेवक झाले. श्रीपतराव हे शाहू महाराजांच्या मर्जीतले. बाजीराव पेशव्यांशी त्यांचे दरबारात अनेकदा मतभेद होत. 1746 मध्ये त्यांचे निधन झाले. शाहू महाराज गेल्यावर सातारचा दरबार नावापुरता उरला व कारभार पुण्यास गेला. प्रतिनिधींचा मान मोठा, पण प्रत्यक्ष सत्ता पेशव्यांच्या हाती, अशी अवस्था आली. राघोबादादांनी तर पूर्वीच्या भवानराव प्रतिनिधींकडून हे पद काढूनही घेतले. पुढे माधवराव पेशव्यांनी ते परत दिले. वंशपरंपरेचा म्हणून जो मान समजला जात होता, तो असा एका हुकमाने जातो आणि दुसऱ्या हुकमाने येतो, हे त्या पिढीने पाहिले.

त्यानंतरचे परशुराम श्रीनिवास यांना तर 1777 मध्ये तान्हेपणीच गादी मिळाली. पाळण्यातल्या मुलाच्या नावाने कारभार चालला म्हणजे घरात काय होते, हे वारसाचे तंटे पाहिलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही. ते मोठे झाल्यावर घरचे वितुष्ट आणि दुसऱ्या बाजीरावाची वक्रदृष्टी यांमुळे त्यांना मसूर येथे अटकेत राहावे लागले. तेथून त्यांची सुटका केली ती ताई तेलीण या शूर स्त्रीने. पुढे पेशव्यांचे सरदार बापू गोखले चालून आले. वसंतगडाजवळच्या लढाईत पंतांच्या हाताला जबर जखम झाली आणि ते पकडले गेले. तेव्हापासून लोक त्यांना थोटेपंत म्हणू लागले. ताई तेलिणीने मात्र वासोटा किल्ला कित्येक महिने झुंजवला. गादीच्या वारसासाठी तेल्याच्या घरची एक बाई लढली, ही गोष्ट सातारा जिल्ह्यातली म्हातारी माणसे अभिमानाने सांगत आली आहेत.

1818 मध्ये पेशवाई बुडाली. इंग्रजांनी 1820 मध्ये सातारच्या जहागीरदारांशी करार केले आणि पंतप्रतिनिधींची जहागीर कायम राहिली. 1848 मध्ये सातारचे छत्रपती निवर्तले. त्यांनी घेतलेला दत्तक डलहौसीने मानला नाही आणि सातारचे राज्य खालसा झाले. ज्या छत्रपतींचे हे प्रतिनिधी, त्यांची गादीच नाहीशी झाली. त्याच वर्षी थोटेपंतही वारले आणि श्रीनिवासराव ऊर्फ अण्णासाहेब गादीवर आले. नाव प्रतिनिधी, पण प्रतिनिधी कोणाचे, या प्रश्नाला आता उत्तर उरले नव्हते. साहेबाच्या दप्तरी औंध हे एक लहानसे संस्थान म्हणून नोंदले गेले.

अशा घरात 24 ऑक्टोबर 1868 रोजी बाळासाहेबांचा जन्म झाला. अण्णासाहेबांचे हे धाकटे चिरंजीव. गादीचा हक्क थोरल्या दादासाहेबांचा, त्यामुळे बाळासाहेबांच्या वाट्याला राज्य येईल असे कोणाच्या ध्यानीमनी नव्हते. त्याचा एक चांगला परिणाम झाला. राजपुत्राच्या ऐषारामात दिवस घालवण्याऐवजी ते साताऱ्यास व पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकले आणि बी. ए. झाले. मुंबईस कायद्याचाही अभ्यास केला. परत आल्यावर वडिलांच्या हाताखाली कारभाराचे काम पाहिले. गादीवर बसण्यापूर्वी दप्तरातले कागद वाचलेला, अर्जदाराचे म्हणणे ऐकलेला असा हा राजपुत्र होता.

1901 मध्ये अण्णासाहेब निवर्तले. दादासाहेब गादीवर आले, पण अवघ्या चार वर्षांत तेही गेले. त्यांचे चिरंजीव नानासाहेब 1905 मध्ये गादीवर बसले. परंतु त्यांची कारकीर्द वादात सापडली आणि 1909 मध्ये इंग्रज सरकारने त्यांना पदच्युत केले. पुतण्याची गादी चुलत्याकडे आली. 4 नोव्हेंबर 1909 रोजी, वयाच्या 41 व्या वर्षी, बाळासाहेब औंधचे अधिपती झाले. घराण्याला लागलेला डाग आणि सरकारची करडी नजर, अशा स्थितीत मिळालेले हे राज्य होते. वारसा कायद्याने मिळतो, पण तो टिकतो वागण्याने, हे त्यांनी आपल्याच घरात जवळून पाहिले होते.

संस्थान तरी केवढे? सारी मिळून 72 गावे आणि तीही एका ठिकाणी नाहीत. औंध एकीकडे, आटपाडी दुसरीकडे, कुंडल कृष्णाकाठच्या बाजूला, तर गुणदाळ विजापूरकडे. 1931 च्या खानेसुमारीत वस्ती 76 हजारांच्या घरात. पाऊस बेताचा, जमीन बरीचशी माळरानाची. अशा संस्थानाचे उत्पन्न ते किती असणार! तरीही बाळासाहेबांच्या हातून जी कामे झाली ती मोठमोठ्या संस्थानिकांना लाजवतील अशी आहेत.

लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावातली आपली कारखान्याची जागा सोडावी लागली तेव्हा बाळासाहेबांनी त्यांना कुंडल रोड स्टेशनाजवळ माळाची जमीन दिली आणि दहा हजार रुपये बिनव्याजी दिले. निवडुंग आणि सापविंचवांचा तो माळ होता. 1910 मध्ये तेथे किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि तेथून निघालेला लोखंडी नांगर महाराष्ट्रभर गेला. ज्या जमिनीत कुसळही उगवत नव्हते त्या जमिनीने हजारो घरांना भाकरी दिली.

पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची संशोधित आवृत्ती काढण्याचे ठरवले तेव्हा बाळासाहेबांनी 1918 मध्ये एक लाख रुपये देण्याचे वचन दिले. त्या काळचे एक लाख आणि तेही औंधसारख्या संस्थानाने! ते काम पुढे जवळजवळ अर्धे शतक चालले आणि 1966 मध्ये पूर्ण झाले. ते पाहायला देणारा हयात नव्हता. आपल्या डोळ्यांदेखत पुरे होणार नाही अशा कामाला हात देणे, हे खरे दान होय. पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर यांना औंधात आश्रय मिळाला व त्यांच्या स्वाध्याय मंडळाने वेदांचे ग्रंथ तेथून प्रसिद्ध केले. साने गुरुजी आणि ग. दि. माडगूळकर हे दोघेही विद्यार्थिदशेत काही काळ औंधला शिकले.

बाळासाहेब स्वतः उत्तम चित्रकार होते. त्यांचे चित्ररामायण 1916 मध्ये छापले गेले. वेरूळ आणि अजिंठा येथील लेण्यांवर त्यांनी पुस्तके लिहिली. आयुष्यभर जमवलेली चित्रे व शिल्पे त्यांनी वाड्यात दडवून ठेवली नाहीत. मूळपीठाच्या डोंगरावर श्री भवानी संग्रहालय बांधून 1938 मध्ये ती सर्वांसाठी खुली केली. राजा रविवर्म्याचे चित्र पाहायला शेतकऱ्याला मुंबईला जावे लागू नये, अशी ही सोय होती. ते कीर्तनही करीत. अंगावर राजवस्त्रे असलेला माणूस हातात चिपळ्या घेऊन लोकांपुढे उभा राहतो, हे दृश्य औंधच्या लोकांनी अनेकदा पाहिले. 1935 मध्ये इंदूरच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले.

सूर्यनमस्कार हा तर त्यांचा ध्यास. तरुणपणी त्यांनी सँडोच्या पद्धतीचा विलायती व्यायाम केला होता. नंतर मिरजेच्या अधिपतींच्या सल्ल्याने ते सूर्यनमस्काराकडे वळले व अखेरपर्यंत त्यात खंड पडू दिला नाही. संस्थानातील शाळांत मुलामुलींना सूर्यनमस्कार सक्तीचे केले. राजाच्या या आग्रहाला कित्येकजण त्या वेळी हसले असतील, परंतु त्यांच्या पुस्तकांमुळे सूर्यनमस्कार सातासमुद्रापार पोहोचले हे खरे.

एवढ्यावरही बाळासाहेब एक उत्तम संस्थानिक म्हणून स्मरणात राहिले असते. पण त्यांच्या आयुष्यातली सर्वांत मोठी गोष्ट वयाच्या सत्तराव्या वर्षी घडली. त्यांचे चिरंजीव आप्पासाहेब विलायतेत शिकून परत आले होते. मॉरिस फ्रीडमन नावाचे पोलंडचे एक इंजिनियर, गांधीजींच्या विचारांनी भारलेले, त्यांच्या सहवासात आले. राजाने आपला अधिकार प्रजेला द्यावा, हा विचार त्यातून पुढे आला. नोव्हेंबर 1938 मध्ये बाळासाहेबांनी तशी घोषणा केली. आप्पासाहेब व फ्रीडमन सेवाग्रामला जाऊन महात्माजींना भेटले आणि त्यांच्या मार्गदर्शनाखाली राज्यघटनेचा मसुदा तयार झाला. जानेवारी 1939 मध्ये ती अमलात आली.

या घटनेची मांडणी साधी होती. प्रत्येक गावाने आपले पाच पंच निवडावेत. गावचे तंटे शक्यतो गावातच मिटावेत. गावोगावच्या प्रमुखांचे मिळून तालुक्याचे मंडळ व्हावे आणि तालुक्यांनी निवडलेली माणसे वरच्या सभेत बसावीत. राजाने स्वतःच्या खर्चाला मर्यादा घालून घ्यावी आणि प्रजेचा पहिला सेवक म्हणून राहावे. ग्रामपंचायत, पंचायत समिती आणि जिल्हा परिषद ही घडी महाराष्ट्रात 1962 मध्ये बसली. तिच्याशी मिळतीजुळती व्यवस्था औंधच्या 72 गावांनी त्याच्या तेवीस वर्षे आधी चालवून पाहिली होती.

हा निर्णय सोपा नव्हता. गादी ही एकट्या बाळासाहेबांची नव्हती. ती पूर्वजांकडून आलेली आणि पुढच्या पिढीला द्यायची ठेव होती. पन्हाळा जिंकणारे परशुरामपंत, कैदेत खितपत पडलेले थोटेपंत, पदच्युत झालेला पुतण्या, या सर्वांनी ज्यासाठी सोसले ते एका सहीने सोडून देण्याचा अधिकार एका वारसाला आहे काय, असा प्रश्न कोणीही विचारू शकला असता. आजूबाजूच्या संस्थानांत प्रजा हक्क मागत होती आणि राजे ते नाकारत होते. औंधात मात्र राजा देत होता. मुलगा गादीवर हक्क सांगण्याऐवजी ती सोडावी म्हणून बापाला विनवीत होता, आणि बापाने ते मानले. अनेक पिढ्यांच्या वारसाच्या कथेत असा प्रसंग पूर्वी कधी आला नव्हता. प्रतिनिधी कोणाचे, हा 1848 पासून अनुत्तरित राहिलेला प्रश्न येथे सुटला. छत्रपतींचे प्रतिनिधी आता रयतेचे प्रतिनिधी झाले.

त्याच सुमारास आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची वसाहत उभी राहिली. गंभीर गुन्ह्यांत शिक्षा झालेल्या कैद्यांना तेथे भिंतीवाचून, बेड्यांवाचून ठेवले गेले. त्यांनी शेती करायची आणि विश्वासाला जागायचे, एवढीच अट. या प्रयोगावरूनच व्ही. शांताराम यांचा दो आँखें बारह हाथ हा चित्रपट 1957 मध्ये निघाला आणि त्याची पटकथा औंधला शिकलेल्या माडगूळकरांनी लिहिली.

1942 च्या चळवळीनंतर क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार साताऱ्यात उभे राहिले. त्याचे मोठे केंद्र असलेले कुंडल हे औंध संस्थानातलेच गाव. लोकांना स्वतःचा कारभार करण्याची सवय जेथे लागली होती तेथे हे बीज रुजले, यात नवल नाही. पुढे देश स्वतंत्र झाला आणि 8 मार्च 1948 रोजी औंध संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. 72 गावे वेगवेगळ्या जिल्ह्यांत वाटली गेली. औंध साताऱ्यात राहिले, आटपाडी व कुंडल पुढे सांगली जिल्ह्यात गेले, गुणदाळ विजापुराकडे गेले. नऊ वर्षांचा तो प्रयोग मोठ्या राज्याच्या पोटात मिसळून गेला. बाळासाहेबांनी विलीनीकरणानंतर तीन वर्षे पाहिली आणि 13 एप्रिल 1951 रोजी, वयाच्या 83 व्या वर्षात, ते देवीचरणी विलीन झाले.

काळाचा महिमा पाहा. कुलकर्णी वतने 1950 च्या कायद्याने गेली. पाटीलकी 1962 च्या कायद्याने गेली. 1971 मध्ये संस्थानिकांचे तनखे आणि किताबही घटनादुरुस्तीने रद्द झाले. ज्यांनी मान घट्ट धरून ठेवला होता त्यांचाही गेला. मग औंधचे नाव मागे का राहिले? कारण बाळासाहेबांनी कायदा यायच्या तीस वर्षे आधी आपल्या मनाने दिले. काढून घेतलेले विसरले जाते, दिलेले लक्षात राहते.

आपल्या गावातही देवीचे मान पिढीजात आहेत. पालखीला खांदा कोणाचा, पहिली आरती कोणाची, दिवट्या कोणी धरायच्या, ढोल कोणी वाजवायचा, हे सारे वाडवडिलांपासून चालत आलेले. मान असावा, त्याने गावाची घडी बसते. परंतु मानावरून यात्रेत भांडणे होतात, पालखी अडते, भाऊ भावाशी बोलेनासा होतो, तेव्हा प्रतिनिधी या शब्दाचा अर्थ आठवावा. मानकरी हा देवीच्या दारी साऱ्या गावाचा मुखत्यार असतो. त्याच्या खांद्यावरची पालखी सर्वांची असते.

या जीर्णोद्धारात कोणी हजारांनी दिले, कोणी एका दिवसाची मजुरी दिली, कोणी बैलगाडीने दगड वाहिले, तर मुंबई-पुण्यास नोकरीला असलेल्यांनी पगारातून रक्कम धाडली. काहींची नावे पाटीवर कोरली गेली, काहींची नाहीत. देवीच्या वहीत सर्वांची नोंद सारखीच आहे. नवे शिखर, नवा सभामंडप ही आता पुढच्या पिढीची ठेव झाली. ती सांभाळण्याची आणि वेळ आल्यावर मोकळ्या हाताने पुढे सोपवण्याची बुद्धी आई यमाई सर्वांना देवो, हीच तिच्या चरणी प्रार्थना.